दगडावरची नावे

पावसाळा सरत आला आणि बोरी नदीला पाणी आले, की आमच्या ढोकीच्या परिसरातील शाळांत सहलीची कुजबुज सुरू होते. "यंदा कोठे?" असे कोणी विचारले, तर दहांतली आठ मुले एका सुरात म्हणतात, "नळदुर्गला!" ढोकीहून धाराशिव, तेथून तुळजापूर आणि मग नळदुर्ग, असा हा मार्ग. वाटेत तुळजाभवानीचे दर्शन होते आणि अखेरीस तो काळ्या दगडाचा प्रचंड किल्ला समोर येतो. किल्ल्याला बिलगून वाहणारी बोरी नदी, तिला अडवणारा जुना बंधारा, बंधाऱ्याच्या भिंतीत बांधलेला पाणीमहाल आणि तेथून कोसळणारे 'नर' व 'मादी' हे दोन धबधबे! महालाच्या गवाक्षाशी उभे राहावे आणि पाण्याचा पडदा डोळ्यांसमोर झुलताना पाहावा. ज्याने हे दृश्य एकदा पाहिले, त्याला ते जन्मभर विसरता येत नाही.

मी विद्यार्थी असताना ते पाहिले आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांना घेऊन तेथे पुष्कळदा गेलो. हा पाणीमहाल विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला गेला, पाणी कसे खेळवले आहे, बांधणाऱ्याची करामत कशात आहे, हे सारे मी मोठ्या हौसेने सांगत असे. परंतु एक गोष्ट मी मुलांना कित्येक वर्षे सांगितली नाही. आणि न सांगण्याचे कारण एवढेच, की ती मलाच ठाऊक नव्हती.

एका वर्षी परतीच्या वेळी एका चुणचुणीत मुलीने मला विचारले, "गुरुजी, एवढा मोठा किल्ला! मग इथे शेवटची लढाई केव्हा झाली?" मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट असेल, बाळ. मोगलाईतली म्हण ना!" मुलीचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. घरी येऊन चार पुस्तके चाळली, तेव्हा कळले, की माझे उत्तर साफ चुकले होते. नळदुर्गला लढाई झाली ती १३ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या डोळ्यांदेखत.

त्या काळची स्थिती थोडक्यात ध्यानात घ्या. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. परंतु आपला मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि निजाम भारतात सामील होण्यास तयार नव्हता. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्या गावोगाव धुमाकूळ घालीत होत्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते तुरुंग आणि लाठ्या-गोळ्या सोशीत लढत होते. असे तेरा महिने गेले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखाली भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने हैदराबादकडे निघाले. त्या मार्गावर आरंभीच नळदुर्ग होते आणि बोरी नदीवरील पूल होता. तो पूल हाती आल्यावाचून पुढे पाऊल टाकणे शक्य नव्हते.

त्या सैन्यात शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचा एक हवालदार होता. त्याचे नाव बचित्तरसिंग. पंजाबातील लोपो हे त्याचे गाव. पहाटेच्या अंधारात नळदुर्गजवळ त्याला शत्रूची दोन वाहने येताना दिसली. त्याने आपल्या माणसांना गोळीबाराचा हुकूम दिला आणि समोरून गोळ्या येत असताना धावून जाऊन ती दोन्ही वाहने आतील पहाऱ्यासह ताब्यात घेतली. पुढे त्याच दिवशी त्याच्या तुकडीवर शत्रूच्या एका मोर्च्यातून मारा होऊ लागला. बचित्तरसिंगाने त्या मोर्च्यावर चढाई केली. मोर्चा अवघ्या तीस यार्डांवर उरला असताना मशिनगनच्या गोळ्या त्याच्या मांडीत शिरल्या आणि तो कोसळला. उभे राहता येईना, तेव्हा तो सरपटत पुढे गेला. त्याने दोन हातबॉम्ब फेकले आणि ती मशिनगन बंद पाडली. त्याला मागे नेण्यास माणसे आली, तर तो जाण्यास तयार होईना. पडल्या जागेवरूनच तो आपल्या जवानांना धीर देत राहिला. तेथेच त्याला वीरमरण आले. अशोकचक्र हा सन्मान १९५२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत हवालदार बचित्तरसिंगाचे नाव आहे. पुढे चारच दिवसांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाने शस्त्रे खाली ठेवली. तोच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

मुलांनो, हे वाचून मला स्वतःची लाज वाटली. लोपो कोठे आणि नळदुर्ग कोठे! त्या माणसाला मराठी बोलता येत नसेल. बोरी, तेरणा ही नद्यांची नावे त्याने त्या दिवसापूर्वी ऐकलीही नसतील. तो आमच्या जिल्ह्याच्या मातीत पडला, आणि त्या मातीत जन्मून, वाढून, चाकरी करून मला त्याचे नाव माहीत नव्हते. मी दरवर्षी पन्नास-साठ मुले त्या जागेवरून धबधब्याकडे घेऊन जात होतो.

म्हणून आज एक गोष्ट मला तुमच्यापुढे आग्रहाने मांडायची आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांची स्मारके आपण पाहिली पाहिजेत, त्यांवरची नावे वाचली पाहिजेत, आणि ती नीट राहावीत म्हणून आपल्या खिशातले काही दिले पाहिजे. यातील 'नावे वाचणे' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुतळा पाहून आपण पुढे जातो, हार घालून घरी येतो; पण नाव वाचायला थांबावे लागते.

कोणी म्हणेल, स्मारके बांधण्याची ही चाल आपण पाश्चात्यांकडून घेतली. हे खरे नाही. तुमच्या गावच्या मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीपाशी एखादी उभी शिळा आहे का पाहा. तिला बहुधा शेंदूर फासलेला असेल. कोणी तिच्यावर गोवऱ्या वाळत घालीत असेल, कोणी तिला म्हैस बांधीत असेल. ती शिळा म्हणजे वीरगळ. शिलाहार-यादवांच्या काळात गावासाठी लढताना जो वीर पडला, त्याची आठवण म्हणून ती उभारीत. तिच्यावरची चित्रे खालून वर वाचायची असतात. सर्वांत खाली लढाईचा प्रसंग असतो. कोठे कोठे गाईही कोरलेल्या असतात, म्हणजे तो वीर गावची जनावरे पळवणाऱ्यांशी लढता लढता पडला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे. आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य! जोवर हे दोघे आकाशात आहेत, तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर तर समुद्रावरील लढाई आणि वल्ह्यांची गलबते कोरलेली आहेत.

चंद्रसूर्य अजून आहेत; कीर्ती मात्र राहिली नाही. कारण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नाही. त्या काळच्या गावकऱ्यांना ते ठाऊक होते. लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली असेल? बाप मुलाला सांगे, मुलगा नातवाला सांगे. मग कधी तरी दुष्काळ पडला, गाव उठले, माणसे पांगली आणि सांगणाऱ्यांची साखळी तुटली. आता उरला तो दगड आणि शेंदूर. आपण त्याला देव समजून हात जोडतो, आणि तो कोण होता हे आपल्याला माहीत नसते.

नावाची ही गोष्ट किती मोठी आहे, हे पहिल्या महायुद्धाने जगाला दाखवून दिले. १९१४ ते १९१८ या काळात भारतातून लक्षावधी सैनिक समुद्रापार गेले. त्यांत आपल्या मराठा पलटणीही होत्या, आणि त्या विशेषतः आजच्या इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लढल्या. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. सातारा, रत्नागिरी या बाजूंना त्या अजून दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढाच त्यांचा मजकूर असतो. नावे नाहीत, नुसते आकडे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचेच उदाहरण घ्या. या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. तेथे स्मारक उभारण्यात आले, आणि पुढेही पिढ्यान् पिढ्या तेथील घराघरांतून मुले सैन्यात जात राहिली, म्हणून लोक त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. एका गावातले ४६! आपल्या वर्गात किती मुले आहेत, ते एकदा मोजून पाहा.

परदेशांत तर याहून वाईट घडले. इराकमध्ये बसरा येथे इंग्रजांनी मोठे स्मारक उभारले. ज्यांना कबर लाभली नाही, किंवा ज्यांच्या अखेरच्या जागेचा पत्ता लागला नाही, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी ते होते. तेथे इंग्रज शिपायांची नावे कोरण्यात आली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरण्यात आली. परंतु साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला आली ती संख्या : अमुक पलटणीचे आणखी इतके लोक. गोळी लागताना ती गोरा कोण आणि काळा कोण, हवालदार कोण आणि कर्नल कोण, हे पाहत नाही. दगड कोरणाऱ्यांनी मात्र ते पाहिले. ज्या संस्थेकडे या स्मारकांची व्यवस्था आहे, तिने शंभर वर्षांनंतर, २०२१ मध्ये, आपली ही चूक उघडपणे मान्य केली आणि क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगले झाले. पण त्या शिपायांच्या आया तोवर कधीच्या निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात यात सुधारणा झालेली दिसते. नाईक यशवंत घाडगे हा रायगड जिल्ह्यातील माणगावकडचा मराठा वीर. इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर तुटून पडून तो धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा देह कोठे विसावला हे कोणास ठाऊक नाही; परंतु इटलीतील कसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव आहे आणि माणगावात त्याचा पुतळा आहे. त्याच्या गावच्या मुलाला निदान बोट दाखवायला एक जागा आहे.

आता दिल्लीचे राष्ट्रीय समर स्मारक पाहा. इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकात एक अशी चार वर्तुळे, आणि मधोमध स्तंभाखाली अखंड तेवणारी ज्योत. त्यांपैकी एका वर्तुळाचे नाव त्यागचक्र. त्याच्या भिंती ग्रॅनाइटच्या विटांच्या आहेत आणि प्रत्येक विटेवर एका सैनिकाचे नाव आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती. सेनापती आणि शिपाई यांच्या विटांचा आकार तेथे सारखाच आहे, ही गोष्ट मला फार आवडते. रोज सायंकाळी कोणा एका हुतात्म्याच्या घरची माणसे तेथे येतात आणि पुष्पचक्र वाहतात. धुवट लुगडे नेसलेली एखादी खेड्यातली आई त्या भिंतीशी उभी राहून आपल्या मुलाच्या नावावरून बोट फिरवते, तेव्हा तिला दगडाचा स्पर्श होत असेल असे मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोरकट नाही. आमच्या गावच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यापाशी मी एकदा हा विषय काढला. ते ताडकन् म्हणाले, "अहो गुरुजी, दगडाला हार घातल्यानं गेलेला माणूस माघारी येतो व्हय? त्यापरीस त्येच पैसे त्याच्या लेकरांच्या शिक्षणाला द्या की!"

मी त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. रात्रभर विचार केला. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हुतात्म्याच्या स्मारकावर रोषणाई आणि त्याच्या घरात अंधार, असे कोठे घडत असेल, तर त्या रोषणाईला आग लागो! मदत आधी जिवंत माणसांना पोचली पाहिजे. त्यासाठीच आपल्या देशात १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळतात. त्या दिवशी शाळेत तुम्हाला जो छोटा कागदी ध्वज मिळतो, त्यावरचा लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग म्हणजे आपली भूसेना, नौसेना आणि वायुसेना. त्याचे जे पाच-दहा रुपये आपण देतो, ते युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी, जायबंदी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी खर्च होतात. कित्येक मुले तो ध्वज मधल्या सुट्टीत हरवतात. हरवा, हरकत नाही. पण पैसे कशासाठी दिले, ते हरवू नका.

परंतु त्या आजोबांच्या बोलण्यातला उरलेला अर्धा भाग मला पटत नाही. माणूस गेला, की पहिल्या वर्षी सारे येतात. मंत्री येतात, वर्तमानपत्रवाले येतात, गाव लोटते. दुसऱ्या वर्षी थोडे येतात. दहाव्या वर्षी त्या घराचे दार कोण ठोठावतो? जेथे नाव चौकात कोरलेले असते आणि वर्षातून एकदा तरी मुले ते मोठ्याने वाचतात, तेथे कोणी तरी सहज विचारतो, "यांच्या घरी आता कोण असते? त्यांचे कसे चालले आहे?" स्मारक भाकरी देत नाही हे खरे, पण कोणाच्या घरी भाकरी नाही, याची आठवण ते करून देते. दोन्ही कामे हातात हात घालून झाली पाहिजेत. एकाचे निमित्त सांगून दुसरे टाळणारे लोक मी पाहिले आहेत. ते बहुधा दोन्हीही करीत नाहीत.

स्मारक कोणाच्या पैशाने उभे राहावे, यालाही महत्त्व आहे. पुण्याच्या लष्कर भागात दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. नागरिकांनी वर्गणी काढून ते उभारले, हे त्याचे वैशिष्ट्य. सरकारच्या तिजोरीतून ते सहज होऊ शकले असते; पण मग ते सरकारचे झाले असते. ज्याने दहा रुपये दिले, तो माणूस त्या बाजूने जाताना मान वळवून पाहतो, कोठे कचरा दिसला तर त्याला राग येतो. आमच्या ढोकीकरांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथला तेरणा साखर कारखाना शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून सहकारी तत्त्वावर उभा केला. पुढे त्याला बरेवाईट दिवस आले, त्याची कथा निराळी; पण 'कारखाना आपला' असे म्हणताना जुन्या माणसांचा आवाज अजूनही बदलतो. स्मारकाचेही तसेच आहे. एका धनिकाने लाख रुपये देण्यापेक्षा हजार घरांनी शंभर-शंभर द्यावेत, असे माझे मत आहे. धनिकाला मज्जाव आहे असे नव्हे. पण मग त्याचे नाव पाटीवर केवढ्या अक्षरांत लिहायचे, हा वाद उभा राहतो!

हे मी थट्टेने म्हणत नाही. एका स्मारकाची पाटी मी पाहिली आहे. तिच्यावर उद्घाटकांचे नाव दुरून वाचता येई. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, निमंत्रक यांची नावे चार पावलांवरून वाचता येत. आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले, त्याचे नाव वाचायला मला चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालावा लागला.

स्मारकाला भेट कधी द्यावी? पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला किंवा सतरा सप्टेंबरला सारेच जातात. बँड असतो, भाषणे असतात, उन्हात उभे राहून पाय दुखतात आणि खाऊकडे लक्ष असते. त्यात गैर काही नाही. मीही लहानपणी तसाच होतो. पण एकदा तरी एखाद्या साध्या मंगळवारी, कोणी बोलावले नसताना, दोघे-तिघे मिळून जा. पायऱ्यांवर पाने पडली असतील तर झाडून काढा. अक्षरांत धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. स्मारकावर चढून छायाचित्रे काढणारी थोर थोर माणसे मी पाहिली आहेत. त्यांना पाहून हसू नका, पण त्यांच्यासारखे वागूही नका. तेथे रडवेला चेहरा करून उभे राहण्याचीही काही गरज नाही. त्या नावांमधले पुष्कळ जण विशी-बाविशीतले होते. त्यांनाही हसणे, खेळणे, एकमेकांच्या खोड्या काढणे ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. स्मारकापाशी गेल्यावर काही जणांच्या मनात ज्यांच्याशी लढाई झाली त्यांच्याविषयी द्वेष उसळतो. १९४८ ची हकीकत सांगताना तर हा धोका फार मोठा आहे. रझाकारांनी येथे अत्याचार केले, हे खरे. पण कारवाईनंतरच्या दिवसांत आपल्याच जिल्ह्यात ज्यांचा काहीही अपराध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर भयंकर प्रसंग गुदरले, हेही तितकेच खरे, आणि ते लपवणे हा त्या लढाईत पडलेल्या जवानांचा गौरव नव्हे. बचित्तरसिंग शस्त्र हातात असलेल्या शत्रूच्या मोर्च्यावर चालून गेला होता. कोणाच्या घरावर नव्हे.

शिवाय इतिहास कशी वळणे घेतो पाहा. निजामाच्या सैन्यात अर्देशीर तारापोर नावाचे एक पारशी अधिकारी होते. हैदराबाद भारतात सामील झाल्यावर ते भारतीय सैन्यात आले आणि १९५१ मध्ये पूना हॉर्स या नामांकित रणगाडादळात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर त्या दळाचे प्रमुख होते. जखमी झाल्यावरही त्यांनी रणांगण सोडले नाही, आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते भारतासाठी लढता लढता पडले. त्यांना परमवीरचक्र देण्यात आले. सतरा वर्षांपूर्वी ज्या सैन्याशी आपले सैन्य लढले, त्याच सैन्यातून आलेला हा मोहरा!

तुमच्यासाठी मी एक छोटे काम सुचवतो. आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या माणसांची यादी करा. ग्रामपंचायतीत विचारा, माजी सैनिकांना विचारा, आजी-आजोबांना विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथे गुरुजींच्या सहीचे पत्र घेऊन जा. जे परत आले नाहीत, त्यांची नावे शाळेच्या भिंतीवर चांगल्या अक्षरांत लिहा. ग्रॅनाइट नसले तरी चालेल. चुन्याच्या भिंतीवर काळ्या रंगाने लिहिले तरी पुरे. दर पावसाळ्यानंतर ती अक्षरे पुसट होतील आणि पुढच्या वर्गाला ती पुन्हा गिरवावी लागतील. गावात वीरगळ असेल, तर त्याच्या भोवतीचे गवत काढा आणि तेथे म्हैस बांधणाऱ्या काकांना गोड शब्दांत समजावून सांगा. ते ऐकतील. पहिल्या दिवशी नाही ऐकले, तर चौथ्या दिवशी ऐकतील.

त्या मुलीला मी चुकीचे उत्तर दिले होते, हे मला पुष्कळ दिवस टोचत राहिले. ती तोवर शाळा सोडून पुढच्या शिक्षणासाठी लातूरला गेली होती. मी तिला पत्र लिहून खरी हकीकत कळवली. तिचे उत्तर आले, त्यात आभाराची एक ओळ होती आणि लगेच दुसऱ्या ओळीत प्रश्न होता, "गुरुजी, मग तिथे त्यांचे नाव का नाही दिसले आपल्याला?"

पुढच्या सहलीला मी गाडी आधी पुलापाशी थांबवली. मुले कुरकुरली, त्यांना धबधबा हवा होता. त्यांना खाली उतरवले, नदीकडे तोंड करून उभे केले आणि बचित्तरसिंगाची सारी हकीकत सांगितली. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग पाठीमागून एका मुलाने विचारले, "गुरुजी, लोपो इथून किती लांब आहे?"

माझ्यापाशी नकाशा नव्हता. आम्ही वहीच्या पानावर ते नाव लिहून घेतले आणि शाळेत गेल्यावर मोजायचे ठरवले.